होळकरांची पलटण आणि रसेलचा अर्धा सिंह

भाच्याला शाळेतून प्रोजेक्ट मिळालाय, लष्कराच्या कुठल्याही एका रेजिमेंटचा बॅज काढा आणि माहिती लिहा. म्हणजे प्रोजेक्ट त्याचा आणि काम मावशीचं, हे आपलं नेहमीचंच. म्हटलं नेटवर कशाला शोधत बसायचं, आमच्याच गल्लीत एक रिटायर्ड सुभेदारसाहेब राहतात, मूळचे अल्मोड्याकडचे, इंदूरजवळच्या महूला पोस्टिंग झालं होतं आणि मग इंदूरचेच होऊन गेले, मराठी सगळं कळतं पण बोलतात हिंदीच. रविवारी सकाळी पोहे-जलेबी घेऊन गेलो दोघं.

त्यांनी कपाटातून एक डबी काढली, त्यात टोपीचा बॅज, अजून ब्रासो लावून चकचकीत ठेवलाय. कुमाऊं रेजिमेंटचा, कुमाऊं म्हणजे उत्तराखंडातला अल्मोड्याकडचा डोंगराळ भाग. त्यावर सिंह आहे पण कमरेपर्यंतच, आणि पुढच्या पंजात क्रॉस धरलाय. भाच्याने पहिलाच प्रश्न विचारला, मावशी याचे मागचे पाय कुठायत? मला काय माहीत! आणि मला तर वेगळंच खटकत होतं, यांचा जयघोष 'कालिका माता की जय', गंगोलीहाटची हाटकालिका म्हणजे रेजिमेंटचं दैवत, ब्रीदवाक्य संस्कृतात 'पराक्रमो विजयते', मग त्या सिंहाच्या हातात क्रॉस कसा?

तर तो सिंह कुमाऊंचा नाहीच. हेन्री रसेल नावाचा इंग्रज हैदराबादला निझामाच्या दरबारी रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा वकील होता, त्याने १८१३ मध्ये निझामाच्या पैशाने कवायती फौज उभी केली, रसेल ब्रिगेड. विलायतेतली मोठी घराणी आपापल्या कुलचिन्हात असले अर्धे सिंह, अर्धे घोडे मिरवायची, त्यातलाच हा रसेल घराण्याचा सिंह. पुढे या फौजेचा विस्तार होऊन हैदराबाद कंटिंजंट झाली, औरंगाबाद, जालना, हिंगोली, एलिचपूर (आताचं अचलपूर) अशा आपल्याच मुलखात छावण्या, आणि तिच्या खर्चापायी १८५३ मध्ये निझामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावं लागलं. १९२२ ला तिची १९वी हैदराबाद रेजिमेंट झाली, भरती हळूहळू कुमाऊंकडे सरकली, आणि २७ ऑक्टोबर १९४५ ला नावही कुमाऊं झालं. नाव बदललं, माणसं बदलली, सिंह तसाच राहिला.

इथपर्यंत ठीक होतं. मग सुभेदारसाहेब सहज बोलल्यासारखं म्हणाले, "मैं पंद्रह कुमाऊँ का हूँ, पूरा नाम पंद्रह कुमाऊँ इंदौर. आपके होलकर महाराज की पलटन." मी जलेबी खाली ठेवली. इतकी वर्षं शेजारी राहतो आणि हे आज कळतंय! स्वातंत्र्यानंतर संस्थानांच्या फौजा भारतीय सैन्यात घेतल्या तेव्हा इंदूरची पायदळ पलटण कुमाऊंमध्ये गेली आणि १५ कुमाऊं, म्हणजे रेजिमेंटची पंधरावी पलटण झाली, ग्वाल्हेरची १४ कुमाऊं झाली. ग्वाल्हेरची पुढे मेकॅनाइज्ड इन्फंट्रीत, म्हणजे चिलखती गाड्यांतून लढणाऱ्या पायदळात गेली, तिथे ती ५ मेक, पण इंदूरची कुमाऊंमध्येच राहिली.

आता गंमत बघा, गंमत म्हणावं की काय ते तुम्हीच ठरवा. २१ डिसेंबर १८१७, महिदपूर, उज्जैनच्या पुढे क्षिप्रेच्या काठी. यशवंतराव होळकर जाऊन सहा वर्षं झालेली, गादीवर त्यांचा मुलगा मल्हारराव अकरा-बारा वर्षांचा, त्याच्या वतीने कारभार बघणाऱ्या तुळसाबाईंना आदल्याच दिवशी आपल्याच छावणीतल्या लोकांनी मारून टाकलेलं, आणि समोर हिस्लॉप आणि माल्कम हे इंग्रज सेनानी. होळकरांच्या तोफांनी इंग्रजांचं भरपूर नुकसान केलं तरी दिवस हातचा गेला, जानेवारीत मंदसौरचा तह, आणि त्यातूनच आपली महूची छावणी. त्या दिवशी इंग्रजांच्या बाजूने जे लढले त्यांत हीच रसेल ब्रिगेड होती! म्हणजे ज्या फौजेने महिदपूरला होळकरांना हरवलं तिचाच सिंह होळकरांच्या पलटणीने सव्वाशेहून जास्त वर्षांनंतर टोपीवर लावला.

होळकरांचं स्वतःचं चिन्ह काय कमी होतं का? इथल्या लालबाग राजवाड्याच्या फाटकावर आहे की, बकिंगहम पॅलेसच्या धर्तीवर विलायतेत ओतून आणलेलं ते फाटक. चिन्हात घोडा आणि नंदी, मला तर घोडा बघितला की जेजुरीचा खंडोबाच आठवतो, आणि खाली ओळ, 'प्राहोमेशो लभ्या श्रीः कर्तुः प्रारब्धात्', म्हणजे प्राह उमेशः, शंकर सांगतात की जो करतो त्याला यश मिळतं. लहानपणी शंभरदा त्या फाटकातून आत गेले असेन, ओळ एकदाही वाचली नव्हती.

मी सुभेदारसाहेबांना महिदपूरचं सांगितलं, म्हटलं तुम्हाला विचित्र नाही वाटलं कधी? ते हसले, म्हणाले, "बेटा, रंगरूट को ये सब कौन बताता है, उसको तो बस ये बताते हैं कि चमकना चाहिए." आणि बॅज परत डबीत ठेवला. खरं सांगू, मला आधी वाटलं होतं की तो बदलायला हवा, पण त्यांचा हात बघितल्यावर, म्हणजे ती डबी ज्या पद्धतीने बंद केली ते बघितल्यावर तसं म्हणवेना. त्यांच्यासाठी तो रसेलचा राहिलेलाच नाही.

प्रोजेक्टमध्ये मी दोन्ही चिन्हं शेजारी शेजारी काढायला लावलीत, मध्ये महिदपूरचा नकाशा. उद्या द्यायचंय आणि आत्ता रात्री साडेदहाला बघतेय तर पठ्ठ्याने सिंहाला मागचे पाय काढून ठेवलेत, वर शेपूटसुद्धा. खोडरबर शोधतेय.