कोल्हापूर ते करूळ घाट: ऑटोमॅटिक गाडीत ‘डी’ कुठे आणि ‘स्पोर्ट’ कुठे

गेल्या डिसेंबरात एका रविवारी आई, ताई आणि दाजींना घेऊन मी कोल्हापूरहून गगनबावडामार्गे करूळ घाट उतरून वैभववाडीला गेलो आणि त्याच वाटेने संध्याकाळी परत आलो. गगनबावड्यापर्यंतचे अंतर सुमारे ५५ किलोमीटर आहे आणि त्यापुढे दहा-एक किलोमीटरचा घाट लागतो. आमची गाडी टर्बो पेट्रोल इंजिनाची असून तिला टॉर्क कन्व्हर्टरचा (क्लचऐवजी तेलातून ताकद पोहोचवणारा) सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. घेतल्यापासून ती शहरातच फिरली होती, त्यामुळे स्पोर्ट मोडचे बटन मी क्वचितच दाबले होते. या एका दिवसात त्या बटनाचा खरा उपयोग कुठे होतो आणि कुठे होत नाही, हे नीट समजले. त्याच वाटेने ऑटोमॅटिक गाडी घेऊन जाणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सकाळी सात वाजता निघालो. रंकाळ्यापासून फुलेवाडी नाक्यापर्यंतचा रस्ता नॉर्मल ‘डी’मध्येच (ड्राइव्ह, म्हणजे गाडी स्वतः गिअर बदलते तो नेहमीचा मोड) चालवावा. स्पोर्ट मोडने इंजिनाची ताकद वाढते असा अनेकांचा समज असतो, पण बहुतेक गाड्यांत तसे होत नाही. इंजिन तेच असते आणि त्याची कमाल ताकदही तेवढीच राहते. बदलते ती गिअरबॉक्सची वागणूक: वरचा गिअर उशिरा पडतो, खालचा लवकर पडतो आणि एक्सलरेटर थोडासा दाबला तरी इंजिन जास्त प्रतिसाद देते. गर्दीत याचा फायदा शून्य आहे. गाडी हिसके देते, पेट्रोल जास्त जाते आणि मागे बसलेल्यांना त्रास होतो.

बालिंगे पुलापासून कळे गावापर्यंत मात्र परिस्थिती वेगळी होती. गळीत हंगाम जोरात असल्याने उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर एकामागोमाग लागले. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी उसाची टोके हातभर बाहेर आलेली असतात आणि पुढचा रस्ता दिसतच नाही. अशा ट्रॅक्टरच्या मागे ‘डी’मध्ये रेंगाळत असताना गाडी वरच्या गिअरमध्ये गेलेली असते. मोकळा रस्ता दिसल्यावर एक्सलरेटर दाबला, की गिअरबॉक्स दोन गिअर खाली येतो, पण त्याला क्षणभर वेळ लागतो आणि नेमका तोच क्षण ओव्हरटेक करताना महत्त्वाचा असतो. म्हणून समोरचा रस्ता रिकामा होण्याच्या आधीच, मागे असतानाच, मी स्पोर्टचे बटन दाबू लागलो. ताशी ६० च्या वेगाला जो आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा दीड हजाराच्या आसपास असायचा, तो अडीच हजारांवर गेला आणि पाय दाबताच गाडी विनाविलंब निघाली. दोन्ही ट्रॉल्या आरशात पूर्ण दिसल्यावर बटन पुन्हा दाबून नॉर्मलवर यावे. सपाट रस्त्यावर स्पोर्टचे काम एवढेच आहे.

असळजच्या पुढे चढ सुरू झाल्यावर मी स्पोर्ट लावला आणि गगनबावड्याला चहासाठी थांबलो. येथे झालेली चूक मुद्दाम सांगतो, कारण ती कोणाकडूनही होऊ शकते. अनेक गाड्यांत इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले, की ड्राइव्ह मोड आपोआप नॉर्मलवर येतो. आमची गाडीही तशीच आहे, पण ते माझ्या ध्यानात राहिले नाही. स्पोर्ट चालूच आहे असे समजून मी घाट उतरू लागलो. एक्सलरेटरवरून पाय काढला, की ‘डी’ पेट्रोल वाचवण्यासाठी वरचा गिअर टाकतो. भर उतारावर गाडी चौथ्या गिअरमध्ये होती, काटा दीड हजाराच्याही खाली आणि गाडीला मागे धरणारी इंजिनाची ओढ जवळपास नाहीच. प्रत्येक वळणावर सगळा भार ब्रेकवर पडत होता. चार-पाच किलोमीटर उतरल्यावर काचेतून जळक्या रबरासारखा उग्र वास आला आणि ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले.

रुंद, सपाट जागा पाहून मी गाडी बाजूला घेतली. पुढच्या चाकाजवळ, न टेकवता, तळहात धरला तर चुलीसमोर धरल्यासारखी धग लागली. अशा वेळी गरम डिस्कवर पाणी ओतू नये, तिला तडा जाऊ शकतो किंवा ती वाकडी होऊ शकते. आम्ही अर्धा तास थांबलो. दाजींनी आयुष्यभर हाताच्या गिअरच्या गाड्या चालवल्या आहेत. ते आपुलकीने म्हणाले, “पाव्हणं, एवढा उतार हाय तर न्यूट्रलला टाका की, तेवढंच पेट्रोल वाचंल.” आपल्याकडे हा समज फार खोल रुजलेला आहे, म्हणून मी त्यांना सावकाश समजावून सांगितले, की आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना एक्सलरेटर सोडला, की उतारावर पेट्रोलचा पुरवठाच थांबतो, कारण चाकेच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलला टाकले, तर इंजिन चालू ठेवण्यासाठी उलट पेट्रोल लागते आणि गाडीला मागे धरून ठेवणारी इंजिनाची ओढही जाते. दाजींनी ते मान्य केले आणि परतीला गाडी मी चालवतो, असे सांगून टाकले.

उरलेला घाट मी मॅन्युअल मोडमध्ये (ज्यात गिअर आपण निवडतो), पॅडल शिफ्टरने, म्हणजे स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी, दुसरा गिअर धरून उतरलो. वेग ताशी ३५ ते ४०, काटा अडीच हजारांच्या पुढे, आवाज थोडा मोठा आणि ब्रेक फक्त वळणाआधी. इंजिनाचा हा आवाज ऐकून घाबरू नये, काट्यावरच्या लाल रेषेपासून, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेपासून, इंजिन खूप लांब असते. माझे स्पष्ट मत असे झाले आहे, की उतारासाठी स्पोर्ट हा दुय्यम पर्याय आहे. तो खालचा गिअर जास्त वेळ धरतो हे खरे, पण कोणता गिअर धरायचा हे शेवटी गिअरबॉक्सच ठरवतो. मॅन्युअल मोड असेल तर तोच वापरावा. काही गाड्यांचा गिअरबॉक्स उतार ओळखून स्वतःहून खालचा गिअर टाकतो, तरीही आपल्या गाडीत तसे होते की नाही, हे घाटाच्या पहिल्याच किलोमीटरमध्ये काट्याकडे पाहून तपासावे.

परतीच्या चढावर दाजी चालवत होते आणि येथे स्पोर्टने खरोखर उत्तम काम केले. सुरुवातीला ‘डी’मध्ये वळण संपले, की चौथा पडे, चढाने वेग उतरला, की तिसरा पडे, आणि गिअरची ही चढउतार सतत चालू होती. आईला गाडी लागते, त्यामुळे तिला ते लगेच जाणवले. स्पोर्ट लावताच गाडी तिसरा धरून राहिली आणि चाल एकसारखी झाली. फक्त पाय हलका ठेवावा लागतो. दाजींना ते दोन वळणांत जमले आणि आईने वरपर्यंत खिडकी उघडायला सांगितली नाही.

गिअरबॉक्स वेगळ्या प्रकारचा असेल, तर थोडा फरक पडतो. सीव्हीटीमध्ये (पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये) पायऱ्यांचे गिअर नसतात, तिथे स्पोर्ट किंवा ‘एल’ (लो) लावल्यावर इंजिन जास्त फेऱ्यांवर राहते आणि उतारावर चांगली ओढ मिळते. एएमटीमध्ये (साध्याच गिअरबॉक्सचा क्लच आणि गिअर यंत्राने चालतात त्या प्रकारात) स्पोर्टपेक्षा मॅन्युअल मोडच कामाचा आहे. चढावर थांबून निघताना हिल होल्ड (चढावर गाडी मागे न सरकू देणारी सोय) नसेल, तर हँडब्रेक लावूनच निघावे. ड्युअल क्लच (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गाडीने चढावरच्या रांगेत एक्सलरेटरवर गाडी तोलून धरू नये, क्लच तापतो. पुढच्या वाहनामागे अंतर सोडावे आणि ते सरकल्यावर एकदम पुढे जावे.

पावसाळ्यात किंवा गगनबावड्याला दाट धुके असताना चढावर स्पोर्ट लावू नये. ओल्या रस्त्यावर तीक्ष्ण एक्सलरेटरने चाक घसरते, तेव्हा नॉर्मलच बरा, आणि उतारावर मॅन्युअलमध्ये गिअर बदलतानाही घाई नको. करूळ घाट रुंदीकरणाच्या कामासाठी दीर्घकाळ बंद होता आणि पावसात येथे दरडीही कोसळतात, म्हणून निघण्यापूर्वी रस्ता चालू असल्याची खात्री करावी. घाट बंद असेल, तर गगनबावड्याहूनच भुईबावडा घाटाची वाट फुटते. ती अरुंद आहे, पण उतरण्याची पद्धत तीच. पेट्रोल कोल्हापुरातच भरून घ्यावे. शक्यतो अंधार पडण्याआधी कळे ओलांडावे, कारण उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवे किंवा रिफ्लेक्टर असतीलच असे नाही.