पात्र उभे का राहत नाही?

तुम्ही विचारलेत म्हणून, आणि याआधी अनेकांनी विचारले आहे म्हणूनही, जरा सविस्तर लिहितो. इंग्रजी कादंबरी शिकवताना मला सर्वांत जास्त वेळा ऐकावा लागलेला प्रश्न असा: व्हर्जिनिया वुल्फ यांच्या कादंबऱ्यांत पात्रे उभीच राहत नाहीत, मग त्यांना एवढे थोर का मानायचे?

ही तक्रार शंभर वर्षांची जुनी आहे. वुल्फ यांची ‘जेकब्ज रूम’ ही कादंबरी १९२२ साली आली आणि पुढच्याच वर्षी इंग्रज कादंबरीकार अर्नोल्ड बेनेट यांनी तिच्यातल्या हुशारीचे कौतुक करता करता, तिच्यातली पात्रे मनात टिकत नाहीत, असा आक्षेप घेतला. वुल्फ यांचे उत्तर १९२४ मध्ये ‘मिस्टर बेनेट अँड मिसेस ब्राऊन’ या पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाले. त्यात वुल्फ एक प्रसंग रंगवतात: रिचमंडहून वॉटर्लूला जाणाऱ्या आगगाडीत समोर एक वृद्ध बाई, म्हणजे मिसेस ब्राऊन, बसली आहे. बेनेट डब्यातल्या जाहिराती, बटणांमधून फुगलेली गादी, बाईच्या ब्रूचची किंमत, तिच्या डाव्या हातमोज्याचा बदललेला अंगठा, सगळे टिपतील. पण बाईकडे मात्र पाहणार नाहीत, असा वुल्फ यांचा टोला होता.

टोला झकास असला तरी तो पुरता न्याय्य नाही, असे मला वाटते. १९१०च्या डिसेंबराच्या सुमारास माणसाचा स्वभाव बदलला, हे त्याच पुस्तिकेत सांगताना वुल्फ यांनी दिलेला एक दाखला स्वयंपाकिणीचा आहे: जुनी तळघरात मुकाट राहणारी, नवी कधी ‘डेली हेरल्ड’ हे वर्तमानपत्र मागायला तर कधी टोपीबद्दल सल्ला विचारायला दिवाणखान्यात डोकावणारी. या नव्या बाईला पगार किती मिळत होता, हे मात्र आपल्याला बेनेटच सांगतील.

तरीही वुल्फ यांनी काय साधले, ते आगगाडीच्याच दुसऱ्या एका प्रसंगात दिसते. ‘जेकब्ज रूम’मध्ये केंब्रिजला जाणाऱ्या डब्यात कादंबरीचा तरुण नायक जेकब शिरतो, तेव्हा पन्नाशीच्या मिसेस नॉर्मन घाबरतात. वेळ आलीच तर उजव्या हाताने अत्तराची बाटली फेकायची आणि डाव्या हाताने साखळी ओढायची, असे त्या मनाशी ठरवतात. मग त्या त्याचे सैल मोजे पाहतात, जुनाट टाय पाहतात, आणि हळूहळू तो त्यांना आपल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलासारखा वाटू लागतो. स्टेशनवर तो लाजत, काहीशा धांदरटपणे त्यांची पेटी उतरवून देतो आणि त्याच क्षणी त्यांच्या मनातून पुसला जातो. यात आपल्याला जेकब जेमतेम कळतो. कळते ते एका आईची भीती आणि तिची माया. म्हणून विद्यार्थ्यांना मी सांगतो की जेकब कसा आहे, हे शोधण्याआधी या पानावर त्याला कोण पाहते आहे, ते पाहा.

बेनेट यांना हे अपुरे वाटले, कारण त्यांच्या लेखी पात्र म्हणजे घर, उत्पन्न, पोशाख आणि बोली यांच्या आधाराने उभा राहिलेला पूर्ण माणूस. आपल्याकडेही ‘व्यक्तिरेखा ठसठशीत उतरली आहे’ या शाबासकीचा अर्थ बहुधा तोच असतो. वुल्फ यांनी तो आधार मुद्दाम काढून घेतला. पहिल्या महायुद्धात जेकब मरतो; त्या मरणाचे वर्णन कादंबरीत कुठेच नाही. शेवटच्या पानावर फक्त त्याची खोली आहे, इतस्ततः पडलेली पत्रे आहेत, आणि त्याची आई जुन्या बुटांचा एक जोड पुढे करून त्याच्या मित्राला विचारते की यांचे मी काय करू?