टाचेची दोरी

शनिवारी आमच्या क्लबचा रेगाटा, म्हणजे वल्हवायच्या होड्यांच्या शर्यती, झाला. त्यात आम्ही हरलो, त्याचं काही नाही. पण त्याआधी माझी होडी काठावरच अडवली गेली, आणि अडवली कुणी, तर ज्याला मी सकाळपासून खुर्ची, छत्री आणि तीन कप चहा पुरवला त्या माणसानं. चार दिवस झाले, डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसले.

रेडिंगच्या जवळ, थेम्सच्या काठावर आमचा बारकासा रोइंग क्लब आहे. इथून थोडं खाली हेन्ली. तिथला रेगाटा १८३९ पासून चालत आलाय आणि इकडच्या वल्हवणाऱ्यांची ती पंढरी. त्या मानानं आमचा रेगाटा म्हणजे गावजत्रेतलं कुस्तीचं मैदान. सहाशे मीटर पाणी, एका वेळी दोनच होड्या, जिंकला तो पुढच्या फेरीत, हरला तो बर्गरच्या रांगेत. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत दर चार मिनिटांनी एक जोडी सुटते.

मी व्यवस्थेतही असते आणि होडीतही. व्यवस्थेत माझ्याकडे माणसं. बासष्ट स्वयंसेवक, दोन-दोन तासांच्या पाळ्या, एक एक्सेलचा तक्ता. शर्यत सोडणारा, दोन्ही होड्यांची नाकं एका रेषेत आणणारा, शेवटच्या रेषेवर डोळा लावून बसणारा, बचावाच्या मोटरबोटी, वॉकीटॉकी, प्रथमोपचार, गाड्या लावून घेणारे, सँडविचवर नावं चिकटवणारे. नदी काही आपल्यासाठी कुणी बंद करत नाही. सहलीच्या मोठ्या बोटी मधूनच येतात, त्यांना हात करून थांबवायला वरच्या आणि खालच्या अंगाला एकेक माणूस लागतो. कोण कुणाची घटस्फोटित बायको हेही लक्षात ठेवावं लागतं, नाहीतर दोघांना एकाच मोटरबोटीत बसवून मोकळे व्हायचो. आमच्या घरच्या लग्नांत मी पंगतीची व्यवस्था पाहिलेली आहे, त्यामुळे हे जमतं.

यंदा त्याच आठवड्यात सांगलीला बाबांच्या पंचाहत्तरीची शांत होती. रेगाट्याची तारीख जानेवारीतच ठरलेली. गुरुजींनी मुहूर्त काढला मेमध्ये. तोवर तिकिटंही भलतीच चढली होती. वहिनी फोनवर एवढंच म्हणाली, "ताई, होड्यांसाठी?" बासष्ट माणसांचा तक्ता तिला कसा समजावून सांगणार? दिवाळीला जाणारच आहे.

आता मुद्द्यावर येते.

रेगाट्याच्या दिवशी प्रत्येक होडी पाण्यात उतरण्याआधी तपासतात. होडीच्या नाकावर लिंबाएवढा पांढरा रबरी चेंडू असतो, तो घट्ट आहे का बघतात. होडी टोकदार असते, उद्या कुणाच्या पाठीत घुसली तर भाला व्हायची. मग पुढच्यामागच्या हवाबंद कप्प्यांची झाकणं. आणि मग बूट. शर्यतीच्या होडीत बूट होडीलाच पक्के बसवलेले असतात. आपण अनवाणी नाहीतर मोज्यांवर यायचं आणि त्यात पाय घालायचे. होडी उलटली तर पाय सुटले पाहिजेत, म्हणून प्रत्येक बुटाची टाच एका आखूड दोरीनं खालच्या फळीला बांधलेली असते. आपण पाय ओढला की बुटाची टाच थोडी उचलते, दोरी ताणली जाते, बूट तिथंच अडकतो आणि पाय बाहेर येतो. दोरी नसेल किंवा लांब असेल तर बूट पायाबरोबर वर येत राहतो आणि माणूस पाण्याखाली होडीला उलटा टांगलेला राहतो. वीतभर दोरी. दुकानातल्या पुड्याला बांधतात तसली.

तपासणीला जे गृहस्थ असतात त्यांना मी मनात भाऊसाहेब म्हणते. सत्तरी उलटलेली, गुडघ्यापर्यंत मोजे, गळ्यात दोरीला बांधलेलं पेन. ते प्रत्येक टाच दोन बोटांनी उचलतात. चौघींची होडी, म्हणजे आठ बूट. सात झाले. तिसऱ्या जागेवरचा डावा बूट त्यांनी उचलला, तो उचलतच गेला.

"ही नाही जाणार," ते म्हणाले.

अकरा वाजून दोन मिनिटं झाली होती. आमची शर्यत अकरा चोवीसची, आणि सुरुवातीच्या जागेपर्यंत वल्हवत जायलाच दहा मिनिटं. मी म्हटलं, परत आल्यावर पहिलं काम तेच करते, सहाशे मीटर तर आहे. ते म्हणाले, "सहाशे मीटरमध्येही उलटतेच की." मग मी जे बोलले ते आठवलं की आजही कान गरम होतात. मी म्हटलं, "अहो, हा सगळा रेगाटा मी मांडलाय!" मनात ते अहोजाहोसकट मराठीतच उमटलं होतं, इंग्रजीत बाहेर पडलं तेव्हा नुसता माज उरला. भाऊसाहेब हसले. म्हणाले, "तरीच चहा चांगला होता." आणि पुढच्या होडीकडे वळले.

नियमाचं पुस्तक दाखवलं असतं तर मी भांडले असते. वरच्या कुणाचं नाव घेतलं असतं तर त्याला फोन लावला असता. या माणसानं भांडायला जागाच ठेवली नाही. राग नाही, मेहरबानी नाही, "तुमच्यासाठी म्हणून" नाही.

शेवटी मी माझ्या कॅनव्हासच्या बुटाची नाडी उपसली आणि होडीत वाकून बांधली. भाऊसाहेब परत आले, ओढली, सुटली. पुन्हा बांधली. ओढली, टिकली. पेनानं खूण केली, "गुड लक" म्हणाले, आणि खरंच मनापासून म्हणाले, हे आणखी चीड आणणारं. अकरा तेरा.

शर्यतींचं सांगण्यासारखं फार नाही. पहिल्या फेरीत समोरच्या होडीतल्या एकीचं वल्हं पाण्यात अडकलं आणि आम्ही जिंकलो. दुसरी फेरी तीन वाजता होती. ती अकरा मिनिटं उशिरा सुटली, कारण एक हंसीण सहा पिल्लं घेऊन बरोब्बर पात्राच्या मधून चालली होती आणि बिनखुणेचे सगळे हंस राजाच्या मालकीचे असल्यानं त्यांना हुसकवायला कुणी धजेना. आमच्या जोखमीच्या चौदा पानी यादीत "हंस" ही वेगळी ओळ आहे. पहिल्या वर्षी मी ती वाचून हसले होते. ती दुसरी फेरी आम्ही एका कॅनव्हासनं हरलो. होडीच्या नाकावरचा, पूर्वी कापडानं मढवायचे तो भाग म्हणजे कॅनव्हास, तेवढं अंतर. इथं "थोडक्यात गेलं" असं कुणी म्हणत नाही, मोजून फळ्यावर लिहितात: इतके फूट, कॅनव्हास, अर्धी होडी. फारच मागं राहिलात तर नुसतं "ईझिली". हरणाऱ्याचा एवढा नेटका अपमान दुसऱ्या कुठल्या खेळात नसेल.

संध्याकाळी आवराआवर करताना क्लबातल्या एकानं बिअरचा ग्लास हातात घेऊन, अगदी प्रेमानं, विचारलं की भारतात नदीवर हे एवढं सगळं पाळत नसतील ना? सकाळपासूनचं साठलेलं होतं. मी त्याला दत्तू भोकनळ ऐकवला. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, जिथं प्यायच्या पाण्याची मारामार, तिथला पोरगा. विहिरी खणलेला, पेट्रोलपंपावर राबलेला. फौजेत गेल्यावर त्यानं पहिल्यांदा वल्हं धरलं आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या होडीत तेरावा आला. तुम्ही जन्मापासून नदीकाठी, तुमचा कितवा? पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा मुळेवरचा रेगाटाही ऐकवला. मग हेही की हेन्लीच्या रेगाट्यात सभासद आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी राखलेल्या उच्चभ्रू कुंपणात बायकांना पँट घालून जायची परवानगी २०२१ साली मिळाली, तोवर गुडघ्याखालचा झगाच लागायचा, आणि तुम्ही आम्हाला विचारता तुमच्याकडे बायकांवर बंधनं असतात का म्हणून. तो बिचारा दोरीबद्दल विचारत होता. मी कुठच्या कुठं गेले.

दोरीबद्दल मला उत्तर द्यायचं नव्हतं, हे खरं.

सांगलीला पावसाळ्यात कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात. सांगलवाडी, समडोळी, कवठेपिरानची पोरं उतरतात, आयर्विन पुलावर पाय ठेवायला जागा नसते. कुणाच्या अंगात जाकीट पाहिल्याचं मला आठवत नाही. लहानपणी कधी खटकलंही नाही, कारण ती पोरं म्हणजे मासेच. मीसुद्धा माई घाटावर पाठीला डबा बांधून पोहायला शिकले. इथं क्लबात येताना कपड्यांसकट पन्नास मीटर पोहून दाखवावं लागतं, ते मी असं सरसर केलं की शिकवणारी विचारत राहिली कुठल्या क्लासला होतीस. डब्याला इंग्रजीत काय म्हणायचं ते सुचेना.

आणि महापुरात घाटावरची हीच माणसं आपापल्या होड्या घेऊन निघाली, कुणी सांगायची वाट न बघता. बासष्ट जणांचा तक्ता कुणी केला नव्हता. हे मी इथल्या माणसांना सांगते, दरवर्षी सांगते. जे सांगत नाही ते ब्रह्मनाळ. २०१९ चा ऑगस्ट. आयर्विनपाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर, आणि ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटली. झेपतील त्याहून जास्त माणसं बसलेली. जाकिटं सगळ्यांना नव्हती. बायका, लहान मुलं. त्या दिवशी मी रेडिंगमध्ये ऑफिसात बसून फोनवर फोटो बघत होते आणि गावात काय चाललंय ते मला गावातल्यांच्या आधी कळत होतं, असा तो दिवस.

त्या बोटीत बसताना कुणाला थांबवायचं हे कुणी ठरवायचं होतं? पाणी वाढतंय, लहान मूल हातात, आणि कुणीतरी म्हणणार, "ही नाही जाणार"? मला नाही वाटत मी म्हणू शकले असते. इथं ऊन पडलंय, वाऱ्याची झुळूक आहे, पन्नास यार्डांवर बचावाची मोटरबोट आहे. इथं म्हणणं सोपं आहे. भाऊसाहेबांना महापुरात उभं करून बघायला पाहिजे, असंही रविवारी अंथरुणात पडल्या पडल्या मनात आलं. आणि लगेच हेही आलं की तो माणूस तिथंही दोन बोटांनी टाच उचलून बघेल.

रविवारी दुपारी घरी व्हिडिओ कॉल केला. शांत छान झाली होती, पुरणपोळ्या शंभरावर लाटल्या, आत्या पडता पडता वाचली. मग बाबा आले. बाबा पाटबंधारे खात्यात होते. पावसाळ्यात रात्री-अपरात्री टॉर्च घेऊन पाण्याची पातळी बघायला जायचे. चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे आम्ही पाढ्यांच्या आधी शिकलो. शेजारपाजारचे रात्री येऊन विचारायचे, साहेब, अंदाजे किती, सामान हलवू का? बाबा म्हणायचे, अंदाजे मला माहीत नाही, बघून येतो. आणि भर पावसात पुन्हा जायचे. आई चिडायची.

हरलीस का जिंकलीस ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं, "पाणी किती होतं?"

मी म्हटलं, इथं फुटात नाही सांगत बाबा, लॉकवर, म्हणजे नदीवरच्या दारांपाशी, पाटी लागते. लाल पाटी लागली की आम्ही होड्या काढत नाही. काल पाटी नव्हती, पाणी संथ होतं.

"आमचं आज बावीस," ते म्हणाले.

मग मी भाऊसाहेबांची सगळी हकिगत सांगितली. तीन कप चहासकट. मला वाटलं होतं, ते म्हणतील, एवढ्याशा दोरीला? आई मागून तेच म्हणाली. बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि म्हणाले, "बांधलेलीचा फोटो आहे का?"

होता. होडीतल्या तिसऱ्या सीटवालीनं गंमत म्हणून काढलेला, पिवळी नाडी दिसतेय असा. पाठवला. बाबांनी तो मोठा करून बघितला, बराच वेळ. पडद्यावर नुसतं त्यांचं कपाळ दिसत होतं.

"ही सुरगाठ मारलीयस गं," ते म्हणाले. "ओली झाली की सुटणार. निरगाठ मार. आणि शेंडे एवढे लांब कशाला, पायात अडकतील. त्या माणसानं पास कशी केली ही?"

उद्या संध्याकाळी सराव आहे. अर्धा तास आधी जाईन म्हणते. चार होड्या आहेत, बूट बरेच होतात.