एका शाळेला दोन तपासण्या

लेकीच्या शाळेतून पत्र आलं, पुढच्या आठवड्यात तपासणी. ऑफस्टेड, म्हणजे इथली, इंग्लंडमधली सरकारी तपासणी संस्था, तर गेल्याच वर्षी येऊन गेली. ही सायम्स, म्हणजे चर्चची स्वतःची. शाळा चर्च ऑफ इंग्लंडची, खर्च सरकारचा. शिकवणं सरकार बघणार, प्रार्थना आणि ख्रिस्ती मूल्यं चर्चचा माणूस बघणार.

याची मुळं वाचली आणि चिडचिड वाढलीच. 1839 मध्ये सरकारने तपासनीस नेमायचं ठरवलं, तर चर्च अडून बसलं. 1840 मध्ये तडजोड झाली: आर्चबिशपच्या संमतीशिवाय चर्चच्या शाळांना तपासनीस नाही. पैसा जनतेचा, तपासणारा मात्र आपल्या पसंतीचा! हेच आपल्याकडच्या एखाद्या संस्थेने मागितलं असतं, तर 'तुमच्याकडे असंच चालतं' हे मला इथे ऐकावं लागलं असतं.

1862 चा नियम तर वाचवत नाही. मुलाची हजेरी नीट असेल तर शाळेला सरकारकडून 4 शिलिंग, आणि परीक्षेचे 8. तपासनीस एकेका मुलाला समोर उभं करणार. वाचन, लेखन, गणित यांपैकी एकात नापास झालं की 2 शिलिंग 8 पेन्स गेले. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः तपासनीस होता, त्याने याला उघड विरोध केला. तरी ही पद्धत तीसेक वर्षं टिकली. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. विस्तार अधिकारी येणार म्हटलं की रात्री जागून टाचणवही पूर्ण करायची. पण एखादं पोर वाचताना अडखळलं म्हणून तिच्या शाळेचे पैसे कुणी कापले नाहीत.

1870 च्या कायद्याने मात्र शहाणपण केलं. सरकारी तपासनिसाने धर्मशिक्षणात लक्ष घालायचं नाही, आणि तो तास शाळा भरताना किंवा सुटताना घ्यायचा, म्हणजे ज्यांना नको त्यांची मुलं बाहेर राहू शकतील. मग चर्चने धर्मशिक्षणासाठी आपले तपासनीस फिरवले. आजच्या दोन तपासण्या तिथूनच आल्या.

प्रार्थनेतून मूल काढून घ्यायचा हक्क आजही आहे. आम्ही तो वापरलेला नाही. शाळा घराजवळ आहे, बाई जीव लावतात, आणि घरी शुभंकरोती चुकत नाही. आपल्याकडेही मिशनच्या शाळांत हिंदू घरांतली मुलं पिढ्यान् पिढ्या शिकलीच की.

तपासनीस पालकांशीही बोलतात. मी नाव दिलंय. मला एवढंच विचारायचंय, की प्रार्थनेला न बसणाऱ्या मुलांना त्या वेळात कुठे बसवता, आणि त्यांच्याजवळ कोण असतं.