नकलपाशी गेलेली टाकी

20 किलोलिटरची फायबरग्लासची टाकी. आत 32 टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड. व्यास 2.5 मीटर, उंची 4.1, बूड सपाट, रेझिन व्हिनाइल एस्टर, वय सहा वर्षं. टँकर रिकामा झाल्यावर तासाभरात बुडाच्या कडेने धार लागली. मी पोचलो तोवर टाकीभोवतीच्या बांधात, म्हणजे डाइकमध्ये, सोडा ॲश टाकून झाली होती, उरलेलं ॲसिड दुसऱ्या टाकीत घेतलं होतं आणि चिरेवर बाहेरून काचेच्या तंतूंचा एक मॅट रेझिनने चिकटवलेला होता. या बाहेरच्या ठिगळाचा मला फार राग येतो. ॲसिड आतून भिंतीत शिरलेलं असतं. बाहेरून झाकलं की ते भिंतीतच कोंडतं आणि बाजूला पसरतं. शिवाय ॲसिडने भिजलेल्या काचेवर रेझिन नीट पिकतही नाही. दोन दिवसांत ठिगळ अख्खं उचलून हातात येतं.

फायबरची टाकी म्हणजे एकच जाड पत्रा, असं बाहेरच्याला वाटतं. खरं तर भिंतीला दोन वेगळी कामं असतात. आतला भाग ॲसिड अडवतो, बाहेरचा भार घेतो. सर्वांत आत काचेचा पातळ टिश्यू, त्यात 90 टक्के रेझिन. त्यामागे चौरस मीटरला 450 ग्रॅमचे दोन चॉप्ड मॅट. हाताने लावलेला एक मॅट साधारण 1 मि.मी. भरतो. हे मिळून झालं संरक्षक अस्तर. काचेच्या जाड धाग्यांचं विणलेलं कापड, म्हणजे रोव्हिंग, त्याच्या मागे. रोव्हिंग अस्तराच्या जवळ येऊ द्यायचं नाही, कारण त्याचे धागे लांब आणि सलग. एका टोकाला ॲसिड लागलं की दिव्याच्या वातीसारखं आत ओढलं जातं. चॉप्ड मॅटचे तुकडे आखूड, तिथे वाट लवकर संपते.

भिंत आणि बूड जिथे वळणाने जुळतात ती नकल (इंग्रजीतलं knuckle). या आकाराच्या टाकीला वळणाची त्रिज्या निदान 38 मि.मी. हवी आणि तिथली जाडी भिंत अधिक बूड इतकी. भिंत 9, बूड 8, म्हणजे नकलला 17 हवी होती. चिरेपाशी कापून मोजली, 11 भरली. वळणावर मॅट बसवणं कटकटीचं काम असतं. रोलर नीट फिरत नाही, हवा अडकते, रेझिन खाली ओघळतं. संध्याकाळी काम आटपायचं असलं की पहिली कात्री तिथेच लागते.

मॅनहोल कापताना निघालेली चकती तारीख घालून जपून ठेवायची असते. भिंतीचा तो एकमेव खरा नमुना. इथे ती कुणाकडेच नव्हती, म्हणून नकलचाच तुकडा भट्टीत घातला. 565 अंशांवर रेझिन जळून जातं, काच उरते, आणि थर वहीच्या पानांसारखे एकेक उचलून मोजता येतात. टिश्यू होता. मॅट एकच. त्याला लागून थेट रोव्हिंग. दुसरा मॅट ड्रॉइंगवर होता, टाकीत नव्हता.

मग तुटलेला काठ भिंगाखाली पाहिला. ओढून किंवा वाकवून तुटलेल्या फायबरला कुंच्यासारखे धागे सुटतात. इथे काठ सुरीने कापल्यासारखा सपाट होता. ताणाखाली असलेल्या साध्या ई-काचेला ॲसिड लागलं की त्यातलं कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम निघून जातं आणि धागा अगदी कमी भारालाही पटकन तुटतो. कडकपणा मोजणाऱ्या बारकोलने आतल्या पृष्ठभागाचे दहा आकडे घेतले. वरच्या भिंतीला 36 ते 38, नकलजवळ 20 ते 22.

इथवर प्रकरण सरळ होतं, दोष बनवणाऱ्याचा. खरेदी खात्याला तेच हवं होतं, तसं पत्रही तयार होतं.

पण टाकीला बोल्टने पायाशी धरणारे जे चार कान, म्हणजे अँकर लग, त्यांपैकी तिघांच्या बोल्टांना नटच नव्हते, आणि चौथ्या लगाचा फायबर वर सोलला होता. बसलेली टाकी लग असा सोलत नाही. टाकी उचलली गेली होती.

छपरावरचा 80 मि.मी.चा व्हेंट, म्हणजे हवा बाहेर जाण्याचा पाइप, मुळात मोकळा होता. दोन वर्षांपूर्वी वासाची तक्रार आली, म्हणून तो वाफा धुणाऱ्या स्क्रबरकडे नेला आणि पाइपचं टोक सील-पॉटच्या पाण्यात 150 मि.मी. बुडवलं. टाकीचं ड्रॉइंग कुणी बदललं नाही. आता हिशोब. छपराचं क्षेत्रफळ 4.9 चौरस मीटर. 100 मि.मी. पाण्याचा दाब म्हणजे चौरस मीटरला 100 किलो, छपराखाली एकूण 490 किलो. भिंत आणि छप्पर मिळून वजन 540 किलोच्या आसपास. म्हणजे 110 मि.मी.ला भिंत हलकी होते. बुडबुडा निघायलाच 150 लागतात. बूड ॲसिडच्या वजनाने दबलेलं, भिंत वर ओढली जाते, वाकते ती नकल. दर भरतीला.

धार लागली त्या रात्री पंपाचं सील गेलं होतं. टँकर रबर लायनिंगचा, म्हणून त्याला 1 किलो दाबाची हवा लावून ॲसिड ढकललं. द्रव येत असतो तोवर ठीक असतं. शेवटचं ॲसिड सरलं की टँकरमधली 15 घनमीटर दाबलेली हवा सुटते आणि टाकीत येता येता दुप्पट होते. तेव्हा व्हॉल्व्ह आवळायला माणूस उभा लागतो. ऑपरेटर एकटा होता आणि त्याच्याकडे दोन प्लांट. त्याच्यावर कारवाई झाली. सील-पॉट जोडणाऱ्यांना कुणी साधं विचारलंही नाही.

दुसरा मॅट असता तर टाकी टिकली असती का? नकल 17 मि.मी. असती तरी नट नव्हतेच, सोलली दुसरीकडे कुठे असती. उलट मोकळा व्हेंट राहिला असता तर तोकड्या अस्तराची ही टाकी कदाचित आणखी पाच-सात वर्षं चालली असती आणि ती चोरी कधी कळली नसती. रिपोर्टच्या नमुन्यात ‘मूळ कारण’ असं एकच चौकट आहे. दीड ओळ मावते.

गेल्या वर्षीची तपासणी माझी होती. नाण्याने ठोकत भिंत पाहिली, कुठे बद्द आवाज नव्हता. नोझल पाहिली, ॲसिटोन लावून वरचा थर चिकटतो का तेही पाहिलं. स्क्रबरही पाहिला, आणि वास गेला म्हणून बरं वाटलं.

नव्या टाकीला ॲसिडला जास्त टिकणारी ईसीआर काच, नकलचा भट्टीचा नमुना, 150 मि.मी.चा व्हेंट आणि त्याच्या टोकाला सील-पॉटऐवजी पंख्याने ओढणारा स्क्रबर, असं लिहून दिलं आहे. पंख्याचे पैसे कुठल्या खात्यात टाकायचे, यावर फाइल अडली आहे. तोवर टँकर शेजारच्या टाकीत उतरतोय. तिचा व्हेंटही त्याच सील-पॉटला जातो. परवा जाऊन तिचे नट आवळून घेतले आणि पाइपचं टोक पाण्याबाहेर काढून ठेवलं. वासाची तक्रार पुन्हा आली आहे.