सलाइनशेजारची ४० मिनिटे

आज सांगलीत आमच्या मानसोपचार विभागात तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदारांना केटामाइन हे मूळचे भुलीचे औषध नैराश्यावर देण्यात आले. नैराश्यावरील दोन औषधे पुरेसा काळ घेऊनही ज्यांची उदासी हटत नाही, अशा निवडक रुग्णांसाठीच डॉक्टर हा निर्णय घेतात. दर किलो वजनामागे साधारण ०.५ मिलिग्रॅम औषध ४० मिनिटांत शिरेवाटे सोडले जाते. १९७० मध्ये अमेरिकेत ज्या भुलीसाठी या औषधाला मान्यता मिळाली, तिच्या मानाने ही मात्रा कमी आहे.

रक्तदाब, नाडी आणि ऑक्सिजनची नोंद मी ठेवते, परंतु खरे काम त्याआधीच सुरू होते. आपण देहापासून दूर तरंगतो आहोत असे वाटेल, वेळ लांबल्यासारखी भासेल आणि औषध थांबल्यावर हे हळूहळू ओसरेल, हे रुग्णाला नीट समजावून ठेवावे लागते. "सिस्टर, माझे हात कुठं गेले?" असे त्यांनी मध्येच विचारले, तेव्हा त्यांचा तळहात धरून मी "दादा, मी इथंच आहे, श्वास सावकाश घ्या," एवढेच म्हणाले. त्या अवस्थेत रुग्णाशी फार बोलू नये, असे माझे ठाम मत आहे.

काहींना काही तासांतच हलके वाटू लागते, मात्र तो परिणाम पुष्कळदा थोडे दिवसच टिकतो, त्यामुळे नेहमीची औषधे आणि समुपदेशन चालूच ठेवावे लागते. आज दादांना गाडी चालवू देऊ नका, असे वहिनींना बजावले आणि 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये जतन करून दिला.