पोस्टाच्या गाडीचा टेनिसशी काय संबंध?

टेनिस सामन्यांच्या जागी फिरत्या टपालघराचा शिक्का बसलेल्या जुन्या पाकिटांचा माझा संग्रह बघायला आलेला माणूस हमखास विचारतो, "तुम्ही टेनिस खेळता का हो?" नाही खेळत. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग ही टेनिसची पाकिटं कशाला जमवता? आणि मॅचच्या जागी पोस्ट ऑफिसचं काय काम?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून हे जरा सविस्तर.

गर्दी जमली की टपाल आलंच. परगावाहून सामना बघायला आलेल्या माणसाला घरी चार ओळींचं कार्ड टाकायचं असायचं, वार्ताहराला निकालाची तार करायची असायची, कुणाला परगावी ट्रंककॉल लावायचा असायचा. मैदान मात्र वर्षातले थोडेच दिवस असं गजबजतं. तिथे बारमाही पोस्ट ऑफिस कोण चालवणार? म्हणून चाकांवरचं. ब्रिटनच्या टपालखात्याने, म्हणजे जीपीओने, १९३६ साली असं फिरतं टपालघर रस्त्यावर आणलं. टपाल, तार, टेलिफोन ही तिन्ही कामं तेव्हा तिकडे जीपीओकडेच होती, त्यामुळे एका गाडीत सगळा कारभार बसला. जत्रा, शेतीची प्रदर्शनं, शर्यती, सामने, जिथे माणसं तिथे गाडी.

पण माझा जीव अडकलाय तो स्वित्झर्लंडच्या गाडीत. तिथे ही सेवा १९३७ मध्ये सुरू झाली आणि टपालखात्याने त्या गाडीचंच चित्र असलेलं १० राप्पेनचं (राप्पेन म्हणजे तिकडचा पैसा) तिकीट काढलं, काळ्या-पिवळ्या रंगातलं. ते मिळायचं फक्त त्या गाडीच्या खिडकीवर! तिकीट हवं तर गाडी गाठा. हौशी लोकांना असं पळवणारं खातं मला तरी दुसरं माहीत नाही.

त्या काळचं एखादं पाकीट हातात घ्या. गोल शिक्क्यावर गावाचं नाव नाही, गाडीचं नाव आहे, तेही एकाहून अधिक भाषांत. मधल्या ओळीत तारीख. महिना रोमन आकड्यात आणि तारखेपुढे तास. म्हणजे दिवस आणि वेळ पक्की कळते, जागा नाही. जागा सांगतो तो शेजारी मारलेला वेगळा शिक्का, ज्यात गाव आणि निमित्त असतं: कधी प्रदर्शन, कधी नेमबाजी, कधी टेनिस. हा दुसरा शिक्का अनेकदा फिकट उमटलेला असतो. तो वाचता आला की मगच ते पाकीट टेनिसचं ठरतं. मला गंमत वाटते ती तासाच्या आकड्याची. दुपारचा आकडा दिसला की वाटतं, सामना रंगात असताना हा माणूस रांगेत काय करत होता?

टेनिसची तिकिटं का नाही जमवत, असंही विचारतात. टेनिसचं चित्र असलेलं पहिलं तिकीट फिलिपिन्सचं, १९३४ साली मनिलात झालेल्या अतिपूर्वेच्या क्रीडास्पर्धांचं. विम्बल्डनच्या शताब्दीच्या वर्षी, १९७७ मध्ये, ब्रिटनने रॅकेटच्या खेळांची चार तिकिटं काढली. स्वित्झर्लंडने २००७ मध्ये आपला टेनिसपटू रॉजर फेडरर याला तिकिटावर आणलं, तो खेळत असतानाच. सुंदर आहेत सगळी. पण तिकीट छापखान्यात तयार होतं, सामना होवो न होवो. शिक्का मारायला मात्र कुणीतरी शाईचा पॅड घेऊन तिथे बसलेलं असावं लागतं. १९७४ मध्ये भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोचला, वर्णभेदाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळायला नकार दिला, आणि अंतिम लढत झालीच नाही. त्या लढतीच्या मैदानावरचा शिक्का कुणी विकायला आणला, तर त्याला खुशाल हसा.

आपल्याकडे फिरतं टपालघर म्हटलं की नागपूरचं नाव आधी निघतं. पण आपल्या गाड्यांचं काम वेगळं होतं: संध्याकाळी पोस्ट ऑफिसं बंद झाल्यावर ठरलेल्या थांब्यांवर जाऊन नोकरदारांचं टपाल गोळा करायचं. खेळाशी संबंध नाही, म्हणून माझ्या फायलीत त्या नाहीत. मात्र मुंबईच्या जीपीओत तिकिटं घ्यायला गेलो की तिथल्या जुन्याजाणत्या मंडळींकडून त्या गाड्यांच्या गोष्टी ऐकायला मिळतात.

आता भावाचं. संग्राहकांनी स्वतःलाच पत्ता घालून गठ्ठ्याने शिक्के मारून घेतलेली पाकिटं स्वस्त मिळतात, आणि तीच जास्त दिसतात. मी शोधतो ती खरोखर टपालाने गेलेली कार्डं, ज्यांवर "इथे ऊन फार आहे, रविवारी येतो" असलं काहीतरी लिहिलेलं असतं. अशा कार्डाला मी दुप्पट पैसेही मोजतो, बायकोच्या नकळत.

सुरुवात करणार असाल तर एकच सांगतो. जुनं पाकीट मिळालं तर तिकीट कापून किंवा भिजवून काढू नका. गाडीचा गोल शिक्का तिकिटाबरोबर राहील, पण शेजारचा कचऱ्यात जाईल, आणि टेनिस त्यातच होतं.